सुट्टीनंतर टाकीच्या तळाला दगड: झिरकॉन वॉश का बसतो आणि त्याचं काय करायचं

साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला कोअर शॉपमधून फोन वाजला की उचलायच्या आधीच मला कळतं. "साहेब, खाली पार दगड झालाय. पहार घालाय लागतीय."

आमची फौंड्री कोल्हापूरच्या पट्ट्यातली. ग्रे आयर्न आणि थोडं एसजी, दोन्ही ओतीव लोखंडाचे प्रकार. कोअरला, म्हणजे कास्टिंगच्या आत पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्याला, झिरकॉनचा वॉश, म्हणजे झिरकॉन या खनिजाच्या पिठाचा लेप. लहान कोअर आयपीएच्या (आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या) वॉशमध्ये बुडवून पेटवतो, मोठे पाण्याच्या वॉशमध्ये बुडवून ओव्हनला लावतो. दगड, म्हणजे तळाला घट्ट बसलेला झिरकॉन, दोन्ही टाक्यांत व्हायचा. आता क्वचित होतो. मधल्या काळात काय काय चुकलं आणि शेवटी कशाने सुटलं, ते एकदा लिहून काढतोय, कारण आजूबाजूच्या शेडमधूनही हेच रडगाणं ऐकू येतं.

लक्षणं सगळीकडे सारखीच. वरून पाहिलं तर वॉश बरा दिसतो. हायड्रोमीटर सोडला तर बोमे (घनतेचं माप) पडलेला. काठी घातली तर तळाला टण्ण लागते. दुपारपर्यंत कोअरवरचा थर इतका पातळ होतो की खालून वाळूचा रंग डोकावतो. दोन दिवसांनी फेटलिंगचा (कास्टिंग साफ करायच्या खात्याचा) मुकादम येऊन सांगतो की आतल्या पोकळीत वाळू चिकटलीय, चिपिंग संपता संपत नाही.

यावर जे पहिलं सुचतं तेच बहुतेक वेळा घात करतं. बोमे ५० च्या खाली दिसला म्हणून ऑपरेटर बादलीभर पेस्ट (पुरवठादाराकडून येणारा दाट वॉश) ओततो. पण हायड्रोमीटर ज्या द्रवात तरंगतो त्याचंच वजन सांगतो, आणि माल तर सगळा खाली गेलाय. म्हणजे टाकीत माल कमी नव्हताच. मग कोणीतरी ड्रिलला पातं लावून तासभर ढवळतो, तळातला थोडा माल वर येतो आणि बोमे ७० च्या वर उडतो. आता घट्ट झाला म्हणून आयपीए ओतायचा. संध्याकाळी वॉश दिसायला बरोबर असतो, पण दिवसभरात नुसता आयपीए इतका पडलेला असतो की माल धरून ठेवणारी माती पातळ होऊन गेलेली असते. दुसऱ्या दिवशी दगड कालच्यापेक्षा मोठा. हे चक्र आम्ही किती महिने फिरवलं ते सांगायला लाज वाटते.

मुळात हा माल तरंगत राहावा ही अपेक्षाच चुकीची

झिरकॉनची घनता ४.६. आयपीएची ०.७८५. आपल्याकडे हा झिरकॉन केरळच्या चवरा किंवा तमिळनाडूच्या मनवलकुरिचीच्या किनाऱ्यावरच्या जड वाळूतून निघतो, आणि त्याचं पीठ करून आपण वॉशमध्ये घालतो. तो वापरायचं कारण चांगलं आहे: वितळलेलं लोखंड त्याला सहजासहजी भिजवत नाही आणि १६७५ अंशांच्या आसपासपर्यंत त्याचं काही बिघडत नाही. पण जो गुण साच्यात कामाला येतो त्याच्यासोबत वजनही येतंच.

१८५१ साली स्टोक्सने द्रवात पडणाऱ्या गोळीच्या वेगाचं सूत्र दिलं. त्यात घनतेतला फरक वर, द्रवाचा चिकटपणा खाली आणि कणाच्या व्यासाचा वर्ग वर. ४० मायक्रॉनचा झिरकॉनचा कण नुसत्या आयपीएमध्ये सोडला तर तो सेकंदाला साधारण दीड मिलिमीटर खाली जातो. १० मायक्रॉनचा कण सोळापट हळू. टाकीत कण एकटा नसतो, गर्दी असते, आणि खाली जाणाऱ्या कणांना वर सरकणारा द्रव अडवतो. रिचर्डसन आणि झाकी यांनी १९५४ मध्ये या गर्दीचा हिशोब मांडला. आमच्या ६० बोमेच्या वॉशमध्ये आकारमानाने सुमारे २४ टक्के झिरकॉन असतो. त्या गर्दीत वेग एक चतुर्थांशाच्या जरा वर राहतो. म्हणजे सेकंदाला ०.४ मिलिमीटर. टाकीत ४० सेंटिमीटर वॉश असेल तर जाडा माल तळाला जायला पाव तास पुरतो. चहाची सुट्टी याहून मोठी असते.

"कण अगदी बारीक दळला तर तरंगेल की," असं एका पुरवठादाराच्या माणसाने मला छातीठोकपणे सांगितलं होतं. द्रवाचे रेणू बारीक कणाला सतत धक्के देऊन नाचवत असतात हे खरं. ज्याँ पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने असले नाचणारे कण उंचीप्रमाणे मोजूनच रेणूंचं अस्तित्व पक्कं केलं आणि त्याच कामासाठी त्याला १९२६ चं नोबेल मिळालं. पण तो डिंकासारख्या हलक्या पदार्थाच्या, मायक्रॉनहून लहान कणांशी खेळत होता. झिरकॉनचा एक मायक्रॉनचा कण धरला, तर आयपीएमध्ये हे धक्के त्याला जेमतेम ०.२ मायक्रॉन उचलून धरतात. स्वतःच्या जाडीच्या पाचव्या हिश्श्याइतकं. ४० मायक्रॉनच्या कणाचं तर नावच नको. शिवाय इतकं बारीक दळलं तर वॉश वाळताना तडकतो, ते वेगळंच दुखणं.

तेव्हा वॉश टिकतो तो कण तरंगतात म्हणून नाही. त्यांना कोणीतरी धरून ठेवलेलं असतं म्हणून टिकतो. धरणारी माती असते. पाण्याच्या वॉशमध्ये सोडियम बेंटोनाइट किंवा ॲटापल्गाइट, जोडीला थोडा झँथन गम (दाटपणा देणारा डिंक). आयपीएच्या वॉशमध्ये सेंद्रिय क्षार चढवलेली बेंटोनाइट, जिला सगळे ऑर्गॅनोक्ले म्हणतात. बेंटोनाइटचे पापुद्रे कागदासारखे पातळ. पाण्यात ते सुटे होतात, त्यांच्या सपाट बाजूवर ऋण भार असतो आणि कडांवर बऱ्याचदा धन. कडा सपाट बाजूला चिकटते आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखं जाळं उभं राहतं. झिरकॉनचे कण त्या जाळ्यात अडकून बसतात. ढवळलं की जाळं मोडतं आणि वॉश वाहतो; थांबलं की पुन्हा बांधलं जातं.

या जाळ्याला मोडायला किमान एक जोर लागतो, त्याला यील्ड स्ट्रेस म्हणतात. (फौंड्रीत यील्ड म्हटलं की सगळ्यांना कास्टिंगचं वजन आणि ओतलेलं लोखंड आठवतं. तो यील्ड वेगळा.) आणि इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. कोअर बुडवून बाहेर काढल्यावर उभ्या भिंतीवर ०.३ मिलिमीटरचा ओला थर न ओघळता राहायचा असेल, तर ६० बोमेच्या वॉशला साधारण ५ पास्कल यील्ड लागतो. ५ पास्कल म्हणजे अर्धा मिलिमीटर उंच पाण्याचा दाब, काहीच नाही. पण ४० मायक्रॉनचा एक कण अडवायला याच्याही कितीतरी कमी, पास्कलच्या दहाव्या भागाहून कमी यील्ड पुरतो. म्हणजे ज्या वॉशचा थर कोअरवर नीट बसतो, त्यात माल तळाला जाताच कामा नये. आणि ज्याचा माल तळाला जातो त्याचा थर पातळ येणारच. आम्ही हे दोन वेगळे आजार धरून दोन रजिस्टरमध्ये लिहीत होतो. आजार एकच: जाळं गेलंय.

बी-४ कपातून वॉश किती सेकंदांत गळतो याचं रजिस्टरही आम्ही इमानदारीने भरत होतो. त्याचा बसण्याशी काही संबंध नाही. कपाच्या भोकातून जाताना वॉश इतक्या जोरात सरकतो की जाळं तिथेच मोडतं. तळाला बसणं ही मात्र जवळजवळ स्थिर द्रवातली गोष्ट. दोन वॉश कपातून सारख्याच सेकंदांत गळतात आणि रात्री एकाचा दगड होतो, दुसऱ्याचा होत नाही.

निदान: दोन काचेचे सिलिंडर आणि एक रात्र

प्रयोगशाळा नसली तरी चालेल. १०० मिलीचे सिलिंडर घ्या, वॉश तळापर्यंत नीट ढवळून भरा, वर प्लास्टिक लावा आणि खिडकीत ठेवून द्या. सकाळी तीन गोष्टी बघायच्या: वर किती मिली नितळ झालं, ते नितळ आहे की दुधट, आणि काचेची कांडी सोडली तर ती कशी जाते.

हे मी शिकलो ते एका फसलेल्या उपायातून. पाण्याच्या टाकीत वॉश घट्ट होतोय म्हणून एकाने सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट सुचवलं. चिमूटभर टाकलं आणि काय सांगू, जादू झाली. चिखलासारखा वॉश दुधासारखा वाहायला लागला. ऑपरेटर खूश, मी खूश. नशिबाने दोन सिलिंडर भरून ठेवले होते, एक जुन्या वॉशचा, एक या जादूच्या. सकाळी जुन्यात वरचे १५ मिली अगदी नितळ होते, खाली ८५ मिली फुगीर गाळ, आणि कांडी स्वतःच्या वजनाने त्यात लोण्यात सुरी जावी तशी गेली. जादूच्या सिलिंडरमध्ये वर दुधट पाणी आणि खाली फक्त ४० मिली माल. कांडी सोडली. टक्. तिथेच थांबली. सिलिंडर उलटा केला तरी बुडखा जागचा हलेना. टाकीचं काय झालं असेल ते सांगायला नको. त्या सकाळी पहार खरोखरच वापरली.

काय झालं होतं? फॉस्फेट पापुद्र्यांच्या कडांवर जाऊन बसतं आणि तिथला धन भार उलटवतं. कडा आणि सपाट बाजू, दोन्ही ऋण. पत्त्यांचा बंगला कोसळला. शिवाय झिरकॉनचे कणही एकमेकांना ढकलायला लागले. ऐकायला छान वाटतं, कण सुटे सुटे, गुठळी नाही. पण सुटा कण खाली पोचल्यावर दुसऱ्याला चिकटत नाही, घरंगळतो आणि सापडेल त्या खाचेत जाऊन बसतो. हिशोब करून बघा: १०० मिलीत २४ मिली झिरकॉन होता आणि तो ४० मिलीत मावला, म्हणजे ६० टक्के जागा भरली. बरणीत सारख्या गोळ्या ओतून नीट हलवल्या तर ६४ टक्क्यांच्या आसपासच भरते. याहून घट्ट भरायला जागाच उरत नाही. मापट्यात ज्वारी भरून आपटली की अजून मूठभर मावते, तेच.

उलट जुन्या वॉशमध्ये कण हलकेच एकमेकांना चिकटलेले होते. चिकटलेले कण बसले तरी वेड्यावाकड्या साखळ्यांनी बसतात, मधे द्रव अडकतो, गाळ फुगीर राहतो आणि दोन हात मारले की परत उठतो. म्हणजे रंग असो, वॉश असो की चिनीमातीची स्लिप असो, 'चांगला पसरलेला माल' आणि 'चांगला टिकणारा माल' या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. चिनीमातीवाले मुद्दाम कण सुटे करतात, कारण त्यांना साच्यात कमी पाण्याची दाट भिंत हवी असते. आपल्याला तळाला ती भिंत नको आहे.

म्हणून सिलिंडर असा वाचा. वर नितळ आणि खाली मऊ फुगीर गाळ असेल तर प्रकृती ठीक आहे. नितळ भाग १० मिलीच्या वर गेला तर माती थोडी कमी पडतेय, एवढंच. जुन्या वॉशलाही तेच दुखणं होतं, त्याला फॉस्फेटची गरज नव्हती. वर दुधट आणि खाली घट्ट असेल तर कोणीतरी कण सुटे करणारं रसायन घातलंय. आणि पाच-दहा मिनिटांतच बराचसा माल खाली गेला तर जाळं बनलेलंच नाही. या तिसऱ्या प्रकारात आमचे सगळ्यात जास्त दिवस गेले.

आयपीएच्या टाकीत जाळं का बनत नाही

एक कारण इतकं साधं होतं की सापडल्यावर अर्धा तास कोणी कोणाशी बोललं नाही. वॉश बसतोय, त्यात बेंटोनाइट असतो, एवढं रात्रपाळीच्या एका हुशार पोराला माहीत होतं. त्याने सँड प्लांटवरून ग्रीन सँडच्या (साच्याच्या ओलसर वाळूच्या) कच्छी बेंटोनाइटची अर्धी गोण आणली आणि आयपीएच्या टाकीत घातली. हा बेंटोनाइट पाण्यात फुगतो. आयपीएमध्ये तो फुगत नाही, पापुद्रे सुटत नाहीत, तो नुसता धुळीसारखा पडून राहतो. झिरकॉनला धरायच्या ऐवजी त्याच्याबरोबरच तळाला गेला. पोराची चूक नव्हती. दोन्ही गोण्यांवर बेंटोनाइटच लिहिलेलं असतं. आता आमच्याकडे दोन्ही मात्या वेगळ्या खोलीत असतात.

दुसरं कारण पातळ करायच्या पद्धतीत. पेस्ट येते तेव्हा पुरवठादाराने ऑर्गॅनोक्ले जोराच्या मिक्सरवर उघडून दिलेली असते. ती पेस्ट टाकीत टाकून वरून आयपीएचा अख्खा कॅन रिकामा केला की पेस्टचे लहान लहान गोळे तसेच राहतात, मधे नुसता आयपीए. जाळं गोळ्यांच्या आत असतं, गोळ्यांमध्ये नसतं. वर ढवळून बघितलं तर एकजीव वाटतं, काचेवर थेंब पसरवला की दाणे दिसतात. पद्धत उलटी हवी. आधी पेस्ट एकटीच पाच मिनिटं फिरवायची, मग फिरत असताना थोडा आयपीए, तो पूर्ण जिरला की पुढचा. पेस्टइतका आयपीए घालायला पंधरा मिनिटं लागली तरी लागू द्या. भाकरीच्या पिठात सगळं पाणी एकदम कोणी ओतत नाही.

तिसरं, आयपीएतलं पाणी. आयपीए हवेतली ओल ओढतो, आणि जून-जुलैमध्ये आमच्याकडे झाकण उघडं ठेवलेली टाकी म्हणजे ओल ओढायचं यंत्र. पाणी वाढलं की अल्कोहोलसाठी बनवलेल्या ऑर्गॅनोक्लेचं बस्तान बिघडतं, वॉशमधलं रेझिन (थर बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) फुटून बाहेर पडायला बघतं, आणि पेटवल्यावर पाणी कोअरमध्येच राहून कास्टिंगला ब्लो होल (वायूची पोकळी) देतं. ड्रम आला की घनता बघा: २० अंशाला शुद्ध आयपीए ०.७८५ असतो. आकडा ०.८० च्या वर असेल तर पुरवठादाराला फोन करा. तापमान मात्र बघूनच वाचा, उन्हाळ्यात तेच आयपीए हलकं दिसतं. स्वस्त पडतं म्हणून मधेच दुसरं सॉल्व्हंट मिसळू नका. माती एका सॉल्व्हंटसाठी निवडलेली असते. दुसऱ्यात ती उघडेलच असं नाही.

पाण्याच्या टाकीत

इथे दोन गुन्हेगार. पहिलं बोअरचं पाणी. त्यातला कॅल्शियम सोडियम बेंटोनाइटमधल्या सोडियमची जागा घेतो आणि पापुद्रे फुगायचे थांबतात. ओव्हनच्या बाजूला टाकी असेल तर पाणी उडतं, क्षार उरतात, आपण परत बोअरचं घालतो. महिन्याभरात क्षार किती साठले असतील बघा. खात्री करायची असेल तर एकच पेस्ट एका सिलिंडरमध्ये आरओच्या पाण्याने आणि दुसऱ्यात बोअरच्या पाण्याने पातळ करा. आम्ही केलं तेव्हा सकाळी दोन्ही सिलिंडर एकाच बॅचचे आहेत असं कोणाला सांगूनही पटत नव्हतं. आरओ परवडत नसेल तर पुरवठादाराला ॲटापल्गाइटवाला वॉश मागा. त्याचे कण पापुद्रे नसून सुया असतात, गवताच्या गंजीसारखे अडकून जाळं करतात आणि खारट पाण्याला फारसे भीत नाहीत.

दुसरे जिवाणू. एप्रिल-मेमध्ये सुट्टीनंतर टाकीचं झाकण काढलं की आंबलेल्या ताकासारखा वास, कधी सडक्या अंड्यासारखा. झँथन गम त्यांचं जेवण. गम संपला की यील्ड संपतो, आणि माल खाली. असा वॉश आदल्या दिवशी उत्तम असतो, म्हणून लोक पुरवठादाराला दोष देतात. पीएचचा कागद बुडवून बघा; नेहमीपेक्षा खाली उतरलेला असेल तर हेच. नवीन बॅच जुन्या तळाशी राहिलेल्या वॉशमध्ये ओतणं म्हणजे विरजण लावणं. टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, पाइप आणि पंपासकट, मग पुरवठादाराने सांगितलेलं बायोसाइड त्याने सांगितलेल्या मापात. अंदाजाने झाकणभर नको, हातमोज्याशिवाय तर नकोच.

स्टिरर

आमची टाकी म्हणजे कापलेला दोनशे लिटरचा ड्रम. सपाट तळ. त्यात मध्यावर १० सेंटिमीटरचं पातं, १४०० आरपीएमवर. वर सुंदर भोवरा पडायचा, हवा आत जायची, वॉशला फेस यायचा आणि कोअरवर पिनहोल दिसायचे. खाली कोपऱ्यात मात्र काहीच हलत नव्हतं. पाहुण्यांना दाखवायला ठीक.

पातं मोठं केलं, २२ सेंटिमीटर, म्हणजे ड्रमच्या व्यासाच्या सुमारे ४० टक्के. तळापासून १५ सेंटिमीटरवर आणलं. वेग गिअरबॉक्सने दीडशेच्या आसपास. तळाच्या कोपऱ्यात चारी बाजूंनी तिरकी पट्टी वेल्ड करून घेतली, त्यामुळे माल साचायला कोपराच उरला नाही. खर्च सगळा मिळून एका रिजेक्ट लॉटपेक्षा कमी आला. रात्री आणि सुट्टीला टायमरवर तासाला पाच मिनिटं फिरतो. सतत फिरवायची गरज नाही. जाळं धड असेल तर तासभर ते एकटं सांभाळतं.

आयपीएच्या टाकीवर साधी मोटर किंवा हातातलं ड्रिल लावत असाल तर आज थांबवा. आयपीएचा फ्लॅश पॉइंट १२ अंश आहे, म्हणजे आपल्याकडे वर्षभर त्याच्यावर पेटणारी वाफ असते. आम्ही हवेवर चालणारी मोटर लावली. टाकी, ड्रम आणि ओतायची बादली यांना अर्थिंग हवंच. आणि पेटवायची जागा टाकीपासून लांब.

आणि आज सकाळी झालेल्या दगडाचं काय?

नवीन आयपीए किंवा पाणी ओतू नका, पेस्टही नको. वरचा पातळ द्रव दुसऱ्या बादलीत काढून घ्या, तळावर जेमतेम चार बोटं ठेवा. आता तो दगड खोऱ्याने कडेकडेने सोडवत त्या थोड्या द्रवातच मळा, श्रीखंडासारखा दाट होईपर्यंत. दाट असतानाच कण एकमेकांवर घासून सुटतात. भरपूर द्रवात ढवळलं तर पातं द्रवातच फिरतं आणि ढेकळं तशीच राहतात. मग काढलेला द्रव थोडा थोडा परत घाला. चाळणीतून गाळा. चाळणीवर जे कडक दाणे उरतील ते फेका, त्यात रेझिन आवळून बसलेलं असतं आणि ते कधीच फुटत नाही. त्यानंतरच बोमे बघा. नव्वद टक्के वेळा तो बरोबर निघतो, कारण टाकीतून काही गेलेलंच नव्हतं. थोडा जास्त निघाला तर तेवढाच आयपीए उडालेला असतो, तेवढाच घाला. मग एक सिलिंडर भरून खिडकीत ठेवा. नाहीतर दगड फोडला एवढंच होतं, का झाला ते कळत नाही.

बोमेबद्दल एक राहिलं. जाळं चांगलं असलेल्या वॉशमध्ये हायड्रोमीटर खोटं बोलतो. यील्डमुळे तो जिथे सोडाल तिथेच अडकतो. वरून दाबला तर एक आकडा, हळूच सोडला तर दुसरा. दोन ऑपरेटर, दोन बोमे, रोजचं भांडण. आम्ही १०० मिलीचा स्टीलचा कप आणि एक काटा घेतला. तळापर्यंत ढवळून, मधल्या खोलीतून कप भरायचा, वरून सपाट निपटायचा, वजन करायचं. १३८ ग्रॅम म्हणजे ४० बोमे, १५३ म्हणजे ५०, १७१ म्हणजे ६०. तक्ता टाकीवर चिकटवलाय. हायड्रोमीटर अजून आहे खिडकीत, सिलिंडरच्या शेजारी. ऑडिटला कोणी आलं की मागतं, म्हणून ठेवलाय.